खोगीरपिशवीतली बाळं

"मला नर्सनं खोगीरपिशवीत घालून आणलं," मॅमॉ म्हणाली. काकांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. ऐक, ही गोष्ट ऐकण्यासारखी आहे, असा त्याचा अर्थ.

2016 चा ऑक्टोबर होता. केंटकी राज्याच्या पूर्वेला, डोंगरांच्या घड्यांमध्ये लेस्ली काउंटी म्हणून एक भाग आहे. तिथल्या एका ओढ्याच्या वरच्या टोकाला असलेल्या घराच्या ओसरीवर आम्ही बसलो होतो. दोन डोंगरांमधल्या अशा चिंचोळ्या घळीला तिथे 'हॉलर' म्हणतात, आणि पत्ता सांगताना रस्त्याचं नाही, ओढ्याचं नाव सांगतात. कटशिन, रॉकहाउस, आणि एका ओढ्याचं नाव तर 'हेल फॉर सर्टन', म्हणजे 'नक्की नरकच'. मॅमॉ म्हणजे तिकडच्या बोलीत आजी. ती काकांची कोणी नव्हे, पण सगळी आळी तिला मॅमॉच म्हणायची, म्हणून काकाही म्हणायचे आणि म्हणून मीही. ती शेंगा ओवत होती. हिरव्या शेंगांमधून सुईदोरा घालून, माळ करून, ती चुलीच्या वर टांगून वाळवायची आणि हिवाळ्यात डुकराच्या चरबीत शिजवायची. बोटं वाकडी झालेली, पण सुई एकदाही चुकली नाही.

तिचा जन्म 1934 च्या मार्चमधला. ओढ्याला पूर आलेला. पुराला ते लोक 'टाइड' म्हणतात. समुद्र तिथून शेकडो मैल लांब, पण शब्द भरतीचा. रस्ता असा नव्हताच. ओढ्याचं पात्र हाच रस्ता, पाणी उतरलं की वाट, चढलं की घरात बसा. तिच्या आईला कळा सुरू झाल्यावर वडील खेचरावर बसून नर्सच्या ठाण्यावर गेले. "माझी आई सांगायची, त्या रात्री नर्सनं सात वेळा ओढा ओलांडला. चौथ्या वेळी घोडा पोहत आला. नर्सनं दोन्ही पिशव्या खांद्यावर घेतल्या, स्वतः कमरेपर्यंत भिजली, पण पिशव्या कोरड्या." पहाटे मॅमॉ जन्मली. मोठ्या भावंडांना शेजारी पाठवलं होतं. ती परत आली तेव्हा त्यांना सांगितलं, नर्सबाईनं पिशवीतून बहीण आणली. यावर तिच्या सहा वर्षांच्या भावाने जाऊन पिशवी उघडून पाहिली. आत आणखी एखादा भाऊ उरलाय का, म्हणून.

ही समजूत त्या एकट्या घरातली नव्हती. त्या डोंगरातल्या एका अख्ख्या पिढीला लहानपणी वाटत होतं की बाळं घोड्यावरच्या नर्सच्या पिशवीतून येतात.

दुसऱ्या दिवशी काका मला वेंडोव्हरला घेऊन गेले. हायडन हे काउंटीचं मुख्य गाव, तिथून थोड्या मैलांवर, मिडल फोर्क नदीच्या काठावर उंचवट्यावर एक मोठं लाकडी ओंडक्यांचं घर आहे. 1925 साली ते मेरी ब्रेकिन्रिज या बाईंनी बांधलं. बाई मोठ्या घरातल्या; आजोबा अमेरिकेचे उपाध्यक्ष होते, वडील रशियात राजदूत. पण त्यांची गोष्ट त्या घराण्यापासून सुरू होत नाही. त्यांची मुलगी 1916 मध्ये अपुऱ्या दिवसांची जन्मली आणि काही तासांत गेली. मुलगा 1918 मध्ये, वयाच्या पाचव्या वर्षाच्या आत गेला. पुढे लग्न मोडलं. पहिलं महायुद्ध संपल्यावर त्या उद्ध्वस्त फ्रान्समध्ये बायामुलांसाठी काम करायला गेल्या आणि तिथे त्यांना पहिल्यांदा भेटल्या सुईणपणाचं रीतसर शिक्षण घेतलेल्या नर्स. अमेरिकेत तेव्हा असं शिक्षणच मिळत नव्हतं. मग वयाच्या चाळिशीत त्या इंग्लंडला जाऊन ते शिकल्या, आणि विरळ वस्तीला आरोग्यसेवा कशी पोचवायची ते स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात आणि बेटांवर जाऊन पाहून आल्या.

त्याआधी, 1923 च्या उन्हाळ्यात, त्यांनी या डोंगरांतून सुमारे 650 मैल रपेट केली. तेरा घोडे आणि तीन खेचरं बदलली. घरोघरी थांबून 53 सुईणींशी बोलल्या. तिकडे सुईणीला 'ग्रॅनी-वुमन' म्हणत. बहुतेक म्हाताऱ्या, अक्षरओळख नसलेल्या. त्यांच्या अज्ञानाबद्दल बाईंनी बरंच कडक लिहून ठेवलं आहे.

मला इथे थांबावंसं वाटतं. माझी स्वतःची आजी सुईण होती. संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या वाडीत पावसाळ्यात पऱ्ह्या भरला की पलीकडची वाडी तुटायची, आणि अशा रात्री ती चुडीच्या उजेडात साकवावरून गेल्याच्या गोष्टी मी तिच्याच तोंडून ऐकल्या आहेत. मोबदला म्हणजे एक खण, पाच नारळ, कधी नुसतं जेवण. गावातल्या कर्त्या माणसांना ती बिनधास्त म्हणायची, "मी तुला झेललंय, माझ्यासमोर तोंड वर करून बोलू नको." मॅमॉ नेमकं हेच क्रियापद वापरते. तिकडेही सुईण बाळ 'झेलते'. त्यामुळे त्या 53 बायांना नुसतं अडाणी म्हणून बाजूला काढणं मला मान्य होत नाही. त्या नसत्या तर तिथे कोणीच नव्हतं. पण हेही खरं की माझ्या आजीच्या हातून दोन बायका गेल्या, आणि त्यांची नावं ती मरेपर्यंत विसरली नाही. जंतुसंसर्ग म्हणजे काय हे तिला कोणी सांगितलं असतं तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही. मेरीबाईंच्या मनातही तोच असणार.

1925 मध्ये त्यांनी काम सुरू केलं, 1928 मध्ये संस्थेचं नाव 'फ्रंटियर नर्सिंग सर्व्हिस' झालं. त्यासाठी निवडलं हेच ठिकाण, कारण सर्वांत अवघड तेच होतं. इथे जमलं तर कुठेही जमेल, हा त्यांचा हिशेब. नदीनाल्यांच्या काठाने नर्सची ठाणी उभी राहिली, दर ठाण्याभोवती साधारण पाच मैलांचा टापू. पुढे हा सगळा पसारा सातशे चौरस मैलांपर्यंत गेला. 1928 मध्येच हायडनच्या डोंगरावर स्थानिक दगडाचं छोटं इस्पितळ उघडलं, आणि ज्यांच्या कामावरून धडा घेतला ते सर लेस्ली मॅकेंझी त्यासाठी थेट स्कॉटलंडहून आले. नियम एकच होता: बाप जर नर्सला बोलवायला पोचू शकला, तर नर्स आईपर्यंत पोचलीच पाहिजे. पूर, बर्फ, रात्र, काहीही असो.

वेंडोव्हरला मी ती पिशवी जवळून पाहिली. जाड कातडी, खोगिराच्या दोन्ही अंगांना लोंबणारी. आपल्याकडे पडशीला दोन कप्पे असतात, तशीच. आतून सुती अस्तर, दर बाळंतपणानंतर काढून उकळून धुता येईल असं. नर्सकडे दोन जोड असत, एक बाळंतपणाचा, एक बाकी आजारांचा. भरल्यावर वजन अठरा-वीस किलो. साबण, ब्रश, अॅप्रन, भांडं, नाळ बांधायची पट्टी, बाळाच्या डोळ्यांत घालायचे थेंब. डॉक्टर जवळ नसताना काय द्यायचं, काय करायचं, याच्या डॉक्टरांनीच लिहून दिलेल्या सूचनाही बरोबर असत. मी त्या कातड्यावर हात ठेवला. चाळीस-पन्नास वर्षांच्या घामापाण्याने ते कडक झालं होतं, कडेची शिवण दोनदा घातलेली. मॅमॉच्या भावाने उघडली ती पिशवी हीच असेल असं नाही. पण अशीच.

बाळंतपणाची फी पाच डॉलर. त्यात आधीच्या तपासण्या आणि नंतरच्या भेटीही आल्या. पैसे नसले तर घोड्यांना वैरण, अंडी, गोधडी, घडवलेली खुर्ची, नाहीतर दोन दिवसांची मजुरी. मॅमॉच्या वडिलांनी ठाण्याच्या कुंपणाच्या फळ्या चिरून दिल्या. "त्या फळ्या म्हणजे मी," मॅमॉ म्हणते.

मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीचे संख्याशास्त्रज्ञ लुई डब्लिन यांनी या नर्सनी केलेल्या पहिल्या हजार बाळंतपणांच्या नोंदी तपासल्या. प्रसूतीच्या थेट कारणाने त्यांत एकही आई दगावली नव्हती. 1925 ते 1954 या काळात इथे दर दहा हजारांमागे साधारण नऊ माता गेल्या. देशभरात गोऱ्या बायकांमध्येच हे प्रमाण त्याच्या तिप्पट-चौपट होतं. रस्ता नाही, वीज नाही, फोन नाही, आणि आकडे शहरांपेक्षा सरस. मला हे वाचताना अंगावर काटा येतो.

दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर इथल्या नर्सपैकी ज्या ब्रिटिश होत्या त्यांतल्या बऱ्याच मायदेशी परतल्या, म्हणून 1939 मध्ये इथेच नर्स-सुईणींची शाळा काढली. ती आज विद्यापीठ आहे, आणि आता डोंगर सोडून राज्याच्या मधल्या भागात गेली आहे. मेरीबाई 1965 मध्ये वेंडोव्हरच्याच घरात वारल्या. त्यांच्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. त्यांची वर्णाबद्दलची मतं वाईट होती. काळ्या माणसांना बरोबरीने वागवण्याची त्यांची तयारी नव्हती. डोंगरातल्या गरीब गोऱ्या कुटुंबांसाठी कमरेपर्यंत पाण्यात उतरणाऱ्या कामामागे हीच बाई होती. ज्यांच्यासाठी तिने दार उघडलं आणि ज्यांच्यासाठी बंद ठेवलं, ते दोन्ही तिच्याच नावावर मांडायला हवं.

मॅमॉला नर्स आठवतात, पण त्याहून जास्त आठवते पुस्तकवाली बाई. मंदीच्या काळात रूझवेल्ट सरकारने रोजगारासाठी ज्या योजना काढल्या, त्यांत पूर्व केंटकीतलं 'पॅक हॉर्स लायब्ररी' होतं. लेस्ली काउंटीत एक प्रेस्बिटेरियन पाद्री समाजकेंद्र चालवत असे. पुस्तकं माझी घ्या, ती पोचवणाऱ्यांचा पगार तुम्ही द्या, असं त्याने सरकारला सांगितलं आणि तिथून हे वाढत गेलं. पगार महिन्याला 28 डॉलर. घोडा किंवा खेचर स्वतःचं, नसलं तर भाड्याचं. बाया ओढ्याओढ्याने वर जायच्या. पुस्तकं कमी पडायची म्हणून फाटक्या मासिकांतली चित्रं, पाककृती, गोधडीचे नमुने कापून त्या वह्यांत चिकटवायच्या आणि त्या वह्याही घरोघर फिरवायच्या. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवायच्या. 1943 मध्ये योजना बंद पडली.

"शनिवारी यायची," मॅमॉ सांगते. "माझी आई शाळेत गेली नव्हती. ती बाई ओसरीच्या पायरीवर बसून वाचायची आणि आई शेंगा ओवायची. इथे, याच पायरीवर." पायरी पुढे सिमेंटची झाली होती. पण ती ज्या जागेवर बोट ठेवत होती तिथे दोघी दिसत होत्या.

मग माणसं निघून जायला लागली. हे तर मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्या वाडीतून बाप्ये मुंबईला गिरणीत, गोदीत गेले, घरं मनीऑर्डरीवर चालली. इथून ओहायोत, डेट्रॉइटला, कारखान्यांत. 1950 मध्ये काउंटीत साडेपंधरा हजार माणसं होती, 1960 मध्ये अकरा हजारांच्या खाली. ऑसबोर्न बंधू, ब्लूग्रास संगीतातलं मोठं नाव, ते इथलेच; लहानपणीच कुटुंबासोबत ओहायोतल्या डेटनला गेले. मॅमॉचे तीन भाऊ गेले ते सुट्टीत येण्यापुरते उरले. पिशवी उघडून पाहणारा तो त्यातलाच. 1960 मध्ये बकहॉर्नचं धरण झालं आणि खालच्या अंगाची काही वस्ती पाण्याखाली गेली, त्यात नर्सचं एक ठाणंही.

राहिलेल्यांना कोळसा होता. मॅमॉचा नवरा खाणीत. 30 डिसेंबर 1970 ला दुपारी, हायडनजवळ हरिकेन क्रीकच्या खाणीत स्फोट झाला आणि 38 माणसं मेली. आत असलेल्यांतला कोणी वाचला नाही. तोंडाशी असलेला एक जण स्फोटाच्या धक्क्याने बाहेर फेकला गेला म्हणून जगला. बंदी असलेली स्फोटक दोरी वापरली होती, आणि साचलेल्या कोळशाच्या भुकटीवर चुनखडीची भुकटी पुरेशी मारली नव्हती. ती मारली की धूळ पेट घेत नाही. साधी, स्वस्त गोष्ट. खाणसुरक्षेच्या नव्या केंद्रीय कायद्यावर राष्ट्राध्यक्षांनी सही केली होती ती बरोबर एक वर्ष आधी, 30 डिसेंबर 1969 ला. कायदा होता. तो त्या खाणीच्या तोंडापर्यंत पोचला नव्हता.

मॅमॉचा नवरा दुसऱ्या खाणीत होता. तो रात्री बर्फातून चालत घरी आला. "त्याने बूट काढले आणि चुलीसमोर बसला. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. चौथ्या दिवशी परत कामावर गेला. दुसरं काय होतं इथे?"

काका तिथे आले ते यानंतर तीन वर्षांनी. 1965 च्या कायद्याने अमेरिकेची दारं आशियातल्या डॉक्टरांना उघडली आणि मोठ्या शहरांतले डॉक्टर जिथे जायला तयार नव्हते अशा जागा भारतीयांच्या वाट्याला आल्या. पूर्व केंटकीच्या कोळसापट्ट्यात गुजराती, तेलुगू, पंजाबी, मराठी डॉक्टर पोचले ते असे. काकू सांगतात, पहिल्या वर्षी कोथिंबीर मिळेना, जिरं मुंबईहून पार्सलने यायचं, पण शेजारणीने दारात टोमॅटोची टोपली ठेवली, तिच्यासोबत ना निरोप, ना चिठ्ठी. काकांचा दवाखाना हॅझर्डच्या बाजूला, शेजारच्या काउंटीत. पण रुग्ण सगळीकडचे. त्यात खाणकामगारांची काळी फुप्फुसं. त्याच 1969 च्या कायद्याने या आजाराला भरपाई मिळू लागली, पण ती मिळवायला कागद लागायचे, एक्स-रे लागायचे, सुनावण्या व्हायच्या. एका सुनावणीला समोरच्या बाजूच्या डॉक्टरने मॅमॉच्या नवऱ्याचा एक्स-रे बघून, हे सगळं सिगारेटचं, असं लिहून दिलं. तो माणूस आयुष्यात कधी सिगारेट ओढला नव्हता. काकांनी त्याच्यासाठी चार वर्षं कागद लिहिले. "माझ्या हातून झालेलं सगळ्यांत मोठं औषधपाणी ते," काका म्हणाले. भरपाई आल्यावर तो सातच महिने जगला. मॅमॉ काकांना 'डॉक' म्हणते आणि त्यांच्या गाडीत न विचारता भोपळे ठेवते, त्याचं मूळ हे.

हायडनच्या कोर्टहाउसमध्येही काका मला घेऊन गेले. लेस्ली काउंटी 1878 मध्ये झाली, आपल्या एखाद्या तालुक्याएवढी, आणि केंटकीत अशा 120 आहेत. आपल्याकडे कलेक्टर वरून येतो. इथे काउंटीचा प्रमुख निवडून येतो, हुद्दा 'जज-एक्झिक्युटिव्ह', पण तो निवाडे करत नाही. रस्ते, मोऱ्या, अँब्युलन्स, अंदाजपत्रक हे त्याचं काम. त्याच्या सभेचं नाव 'फिस्कल कोर्ट'. शेरीफ, क्लर्क, कॉरोनर निवडून येतात, इतकंच काय, तुरुंगाचा जेलरही. गाडीचा नंबर आणि लग्नाचा परवाना एकाच खिडकीवर. खिडकीतली बाई प्रत्येकाला विचारत होती, आई कशी आहे. हा भाग यादवी युद्धापासून रिपब्लिकन, इतका की राष्ट्राध्यक्षपदाच्या राजीनाम्यानंतर निक्सन यांनी पहिलं मोठं जाहीर भाषण केलं ते 1978 च्या जुलैत इथेच, त्यांच्या नावाच्या क्रीडाकेंद्राच्या उद्घाटनाला.

पैसा मात्र कोळशाचा. जमिनीतून काढलेल्या कोळशावर राज्य कर घेतं आणि त्यातला वाटा काउंटीला परत मिळतो. खाणी बंद झाल्या तसा तो आटला, आणि आटतो तेव्हा आधी काय जातं हे ओढ्याच्या वरच्या टोकाला राहणाऱ्याला सर्वांत आधी कळतं. मोरी वाहून जाते ती दुरुस्त व्हायला वर्ष लागतं. 2020 च्या शिरगणतीत माणसं उरली 10,513.

मॅमॉची पणती हॅझर्डला जन्मली, वीस-पंचवीस मैलांवर. "रस्ता चांगला आहे आता," मॅमॉ म्हणाली. तक्रार नव्हती. पण माझ्या मनात आलं की तिच्या वेळी सेवा ओढा चढून आली होती आणि आता माणसाला उतरून जावं लागतं, आणि हा फरक मोठा आहे. जी काही वर येते ती एक व्हॅन. लेस्ली, नॉट, लेचर, पेरी या चार काउंट्यांची मिळून एक संस्था आहे, तिला चौघींच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून 'एलकेएलपी' म्हणतात. म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेण्याआणण्याची सोय ती करते.

निघायच्या दिवशी मॅमॉची हॅझर्डला तपासणी होती. तिने मला बरोबर घेतलं. व्हॅन आली ती उलटी, मागे मागे, कारण घराजवळ वळायला जागाच नाही. हॉलरच्या तोंडापासून चालक आरशात बघत वर येतो. चाळिशीचा माणूस. उतरून त्याने तिच्या पायाशी लाकडी पाट ठेवला, ती पाटावर चढली, मग आत. मांडीवर शेंगांची माळ, डॉक्टरीणबाईंसाठी. दाराला तिने कडी घातली, कुलूप नाही.

उतरताना ती खिडकीतून खाली बघत होती. रस्त्याखालून ओढा जातो तिथे मोरी, मोरीवर पिवळा खांब. पहिल्या खांबाशी तिने माझ्या गुडघ्यावर बोट टेकवलं. दुसऱ्याशी पुन्हा. मला कळायला तिसरी मोरी यावी लागली. चौथ्या मोरीशी तिने चालकाला जरा हळू घ्यायला सांगितलं, त्याने घेतली, का म्हणून विचारलं नाही. खाली पाणी वीतभर होतं, दगडांवर पिवळी पानं चिकटलेली.

"इथे घोडा पोहला," ती म्हणाली. मग पाच. मग सहा. मोठा रस्ता लागायच्या आधी सातवी.